मावशी आणि आठ पायांचा आयसी

कारखान्यात सगळे त्यांना मावशी म्हणत. मालक म्हणत, मालकांची मुलगी म्हणे, आणि वयाने त्यांच्यापेक्षा चांगला सहा वर्षांनी मोठा असलेला वॉचमनसुद्धा म्हणे. मावशींनी एकदा त्याला, "अहो, मी तुमची मावशी कशी?" असं विचारलंही होतं. तो म्हणाला, "आता सगळेच म्हणतात तर मी एकटा वेगळा कशाला पडू?"

कारखाना लहान, तीस-पस्तीस माणसांचा. पाणी तपासायची मीटरं तिथे बनत. पाणी आंबट बाजूला झुकलंय की क्षाराच्या, ते आकड्यात सांगणारं, हातात मावेल एवढं मीटर. त्याच्या पोटात तळहाताएवढा हिरवा बोर्ड, आणि त्या बोर्डावरचे बारीकसारीक भाग सोल्डर करून बसवायचं काम मावशींचं. खिडकीजवळचं टेबल, डोळ्यावर भिंग, उजव्या हातात तापलेलं आयर्न आणि डाव्या हातात सोल्डरची तार, अशी त्यांची सव्वीस वर्षं गेली होती. हात असा बसला होता की नवीन आलेल्या मुलींना आधी मावशींच्या टेबलापाशी उभं करत आणि सांगत, "बघा. टाका असा दिसला पाहिजे." प्रत्येक टाका गोल, चकचकीत, जेवढ्यास तेवढा.

एका सकाळी शाळेच्या नववीच्या मुली कारखाना बघायला आल्या. टेस्टिंगवाले साहेब त्यांना पुढे घेऊन चालले होते, पण एक चष्म्यातली मुलगी मागे राहिली आणि मावशींच्या टेबलापाशी थांबली. मावशी एक काळा आयसी बसवत होत्या. करंगळीच्या नखाएवढा, दोन्ही बाजूंना चार-चार पाय.

"हे काय आहे?"

"आयसी म्हणतात त्याला."

"हे काय करतं?"

मावशींनी चिमटीतला आयसी उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "ते साहेब सांगतील हं."

मुलगी "बरं" म्हणाली आणि पळाली. तिच्या लेखी विषय संपला. मावशींच्या कानाच्या पाळ्या मात्र गरम झाल्या. डबा खाताना त्यांनी मनातल्या मनात आकडेमोड केली. दिवसाला चाळीस बोर्ड, एका बोर्डावर असले तीन, वर्षाचे कामाचे दिवस इतके. गोळाबेरीज नऊ लाखांवर गेली. नऊ लाख वेळा जी वस्तू चिमटीत धरली, ती काय करते ते ठाऊक नाही!

दुपारी त्यांनी टेस्टिंगवाल्या साहेबांना गाठलं. साहेब पस्तिशीचे, सरळ स्वभावाचे, पण कायम चार कामांत अडकलेले.

"मावशी, तो ऑप-ॲम्प. ऑपरेशनल ॲम्प्लिफायर. सिग्नल मोठा करतो." एवढं बोलेपर्यंत त्यांचा फोन वाजला आणि ते गेले.

'मोठा करतो' एवढं घेऊन मावशी घरी आल्या.

घरी यजमान वाटाणे सोलत बसले होते. तीस वर्षं बस चालवून ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांच्या ताब्यात होतं. मावशी समोर बसल्या आणि एकही दाणा न सोलता झालेलं सगळं सांगितलं.

"अगं, त्यात एवढं काय?" यजमान म्हणाले. "गिअरबॉक्समध्ये काय चालतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं? दांडा हलवायचा, बस पळायची."

"आणि कधी वाटलं नाही, विचारावं कुणाला?"

"वाटलं की. एकदा मेकॅनिकला विचारलं. त्याने इतकं सांगितलं की पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही." मग मावशींचा चेहरा बघून त्यांनी वाटाण्याचं ताट बाजूला सारलं. "धाकटीला विचार ना. तिचं आयुष्य त्याच लॅबमध्ये चाललंय."

धाकटी म्हणजे यजमानांची धाकटी बहीण, मावशींची नणंद. इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत सहायक होती. हुशार, तोंडाने फटकळ, लग्न न करता स्वतःच्या जिवावर राहणारी. नणंद-भावजयीचं वाकडं कधी नव्हतं, पण सूत जुळलं होतं असंही नाही. खूप वर्षांपूर्वी एका लग्नघरात धाकटी कुणाला तरी म्हणाली होती, "वहिनींचं काम काय, नुसतं हाताचं." ते मावशींनी पडद्याआडून ऐकलं होतं. त्यावर त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण विसरल्याही नव्हत्या. त्यामुळे धाकटीला विचारायचं म्हणजे आधी एक आवंढा गिळायला लागणार होता. दोन दिवस त्यांनी तो तोंडात घोळवला. रविवारी धाकटी नेहमीसारखी जेवायला आली, तेव्हा हात धुता धुता विचारून टाकलं.

धाकटी हसली. "वहिनी, आता या वयात?"

मावशी पंच्याला हात पुसत उभ्या राहिल्या. धाकटीचं हसू हळूहळू ओसरलं. तिला आपलंच बोलणं खटकलं असावं, कारण ती खुर्ची ओढून बसली आणि अगदी वेगळ्या आवाजात म्हणाली, "पुढच्या रविवारी सामान घेऊन येते. तोंडी सांगून कळण्यातला प्रकार नाही तो."

पुढच्या रविवारी ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आली. आत भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड, ज्यात सोल्डर न करता नुसत्या तारा खोचून जोडणी करता येते. रंगीत तारा, नऊ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, व्होल्ट मोजायचं एक जुनं मल्टिमीटर आणि कागदाच्या पुडीत पाच आयसी. तेच. आठ पायांचे.

"याला दोन कान आणि एक तोंड," धाकटीने सुरुवात केली. "दुसरा पाय हा एक कान, तिसरा पाय दुसरा कान. सहावा पाय तोंड. सातव्या आणि चौथ्या पायातून याला जेवण मिळतं, म्हणजे बॅटरी. बाकीचे आत्ता सोडून द्या. दोन कानांत जे पडतं त्यातला फरक तो बघतो, आणि तो फरक लाखपट करून तोंडाने सांगतो."

"लाखपट?"

"लाखपट. पण बॅटरीच नऊ व्होल्टची, तर लाखपट आणणार कुठून? म्हणून जेमतेम साडेआठपर्यंत जातो आणि टेकतो."

मावशींनी जोडणी केली. त्यांची बोटं या कामाला सरावलेली, तारा पटापट बसल्या. एका कानाला एक ठरावीक व्होल्टेज, दुसऱ्याला व्होल्टेज कमीजास्त करायला गोल फिरवायचा खुंटा. मीटरवर साडेआठ. खुंटा फिरवला, तरी साडेआठ. आणखी फिरवला, अजून साडेआठ. मग एका जागी केसभर फिरवला आणि काटा धाडकन पार उलट्या टोकाला गेला.

"बिघडलाय हा," मावशी म्हणाल्या.

"अजिबात नाही. फरक या बाजूचा झाला की हे टोक, त्या बाजूचा झाला की ते टोक. मधलं काही त्याला जमत नाही."

"हट्टीच आहे म्हणजे."

"हट्टीच. आता बघा, त्याला शहाणा कसा करायचा." धाकटीने एक लहानशी लाल तार घेतली. एक टोक सहाव्या पायाला, दुसरं दुसऱ्या पायाला. "आता तो जे बोलेल ते त्याच्याच कानावर पडणार. दोन कानांत फरक उरला की तो स्वतःचं बोलणं बदलेल, फरक मिटेपर्यंत."

मावशींनी खुंटा फिरवला. आत एक व्होल्ट, बाहेर एक. आत तीन, बाहेर तीन. फिरवाल तसा तो मागे मागे यायचा, एका हाकेत.

"एवढ्याशा तारेने?" मावशी बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "खरं आहे पण. ज्याला आपलं बोलणं आपल्या कानाने ऐकू येतं तो ताळ्यावर राहतो."

दोघींनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून यजमानांचा आवाज आला, "माझ्याकडे काय बघताय? मी काही बोललोय का?"

त्या घरात नणंद-भावजय एकत्र हसल्याचं यजमानांना आठवत नव्हतं. ते हातात झारा घेऊन दारात येऊन उभे राहिले आणि दोघींकडे बघून तसेच परत गेले.

त्यानंतर रविवार ठरून गेले. जेवण झालं की ताटं उचलायची, टेबल पुसायचं आणि डबा उघडायचा. मावशी प्रश्न विचारायला लाजत नसत. दुसऱ्याच रविवारी त्यांनी धाकटीला अडवलं. "आत दोन तर बाहेरही दोन. मग हा मध्ये बसून करतो काय? तार का नाही जोडायची सरळ?"

धाकटी खूश झाली. "वहिनी, आमची मुलं तीन वर्षं शिकतात आणि हे विचारत नाहीत." तिने प्रवाह अडवणारे दोन मोठे रेझिस्टर जोडून बॅटरीतून साडेचार व्होल्ट काढून दाखवले. त्याला एक लहानसा लाल दिवा लावला. दिवा लागलाच नाही आणि साडेचार व्होल्ट खाली कोसळले. "हे साडेचार व्होल्ट अशक्त आहेत. कुणी जरा काही मागितलं की मान टाकतात. आता याला मध्ये घाला." आयसी मध्ये घातला. दिवा लागला, आणि साडेचार जागच्या जागी.

"हा नुसतं ऐकतो," धाकटी म्हणाली. "ज्याचं ऐकतो त्याच्याकडून काही घेत नाही. पुढे लागेल तेवढं स्वतःच्या पोटातून, बॅटरीतून देतो."

मावशींनी ते वहीत लिहून घेतलं. मागची दोन पानं भाजीच्या याद्यांची होती, मधून त्यांचा ऑप-ॲम्प सुरू झाला होता.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्या एकट्या सराव करत, आणि चुकतही. एका बुधवारी घाईघाईत त्यांनी आयसी उलटा खोचला आणि बॅटरी जोडली. काही चालेना म्हणून बोट लावून पाहिलं तर चटकाच बसला. बोटाला फोड आला आणि खोलीभर करपल्याचा वास. आयसीच्या एका टोकाला बारीक खाच असते, ती कुठल्या बाजूला ठेवायची हे कारखान्यातल्या प्रत्येक नव्या मुलीला मावशीच बजावत आल्या होत्या. त्या बोट पाण्याखाली धरून इतक्या हसल्या की यजमान धावत आले.

"भाजलं आणि हसतेस?"

"नऊ लाख सरळ लावले हो," मावशी म्हणाल्या, "आणि स्वतःचा पहिला उलटा लावला!"

चौथ्या रविवारी धाकटीने मोठं करायचं कसं ते शिकवलं. आता तोंडातून कानाकडे सरळ तार न नेता मध्ये दहा हजार ओहमचा रेझिस्टर, आणि त्याच कानापासून जमिनीकडे, म्हणजे शून्य व्होल्टकडे, एक हजारचा. "आता आत एक दशांश व्होल्ट द्या आणि बाहेर किती ते सांगा." मावशींनी मनाशी धरलं, दहा हजार भागिले एक हजार, म्हणजे दहापट, म्हणजे एक व्होल्ट. मीटर म्हणालं एक पूर्णांक एक.

"हा वरचा एक कुठून आला?"

धाकटी नुसती मान हलवून म्हणाली, "ते तुम्हीच शोधा." आणि डबा तिथेच ठेवून घरी गेली.

मावशींची चिडचिड झाली. सोमवारी त्यांनी रेझिस्टर बदलून बघितले, पुन्हा तेच. मंगळवारी बॅटऱ्या बदलल्या, पुन्हा तेच. बुधवारी कामावरून आल्यावर वही घेऊन बसल्या आणि पहिल्यापासून, एकेक पाय धरून विचार केला. हा शहाणा आयसी दोन्ही कान सारखे ठेवतो. तिसऱ्या पायावर एक दशांश आहे, म्हणजे दुसऱ्यावरही एक दशांशच असणार. मग हजारच्या रेझिस्टरवर एक दशांश. त्यातून जो प्रवाह जातोय तो येतो कुठून? कान तर काही घेत नाही, काही देत नाही. म्हणजे सगळा दहा हजारच्या रेझिस्टरमधूनच येतो. तोच प्रवाह, दहापट मोठा रेझिस्टर, म्हणजे त्याच्यावर एक व्होल्ट. आणि तो एक व्होल्ट उभा आहे कशावर? त्या खालच्या एक दशांशावर!

"एक आणि वर एक दशांश!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "अहो, सापडला!"

"काय सापडलं?" यजमानांनी कणकेच्या हाताने डोकं आत घातलं. मावशींनी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि सगळं पुन्हा सांगितलं, वहीवर बोट ठेवून. यजमानांना किती कळलं देव जाणे, पण ते शेवटपर्यंत बसून राहिले आणि शेवटी म्हणाले, "तू मेकॅनिकपेक्षा बरं सांगतेस." मावशींनी त्याच संध्याकाळी धाकटीला फोन केला. धाकटीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे. अगदी असंच."

असे चार महिने गेले. आणि मग कारखान्यात गडबड सुरू झाली.

हवा दमट झाली होती. ज्यांना मीटरं पाठवली होती त्यांच्याकडून ती परत येऊ लागली. तक्रार एकच. आकडा स्थिर राहत नाही. सात दाखवायला हवं तिथे सात दाखवतं, मग हळूहळू वर सरकतं, सात पूर्णांक दोन, चार, सहा. कोरड्या दिवशी काही नाही, ओल्या हवेत हमखास. टेस्टिंगवाल्या साहेबांची झोप उडाली. त्यांनी शोध घेतला, तर परत आलेली सगळी मीटरं गेल्या तीन महिन्यांतली निघाली, आणि त्याच तीन महिन्यांत पुढच्या बाजूच्या, म्हणजे पाण्याकडून येणारा सिग्नल पहिल्यांदा घेणाऱ्या आयसीची नवी खेप आली होती. चार मीटरांतले आयसी मावशींकडून काढून घेऊन जुन्या खेपेचे लावून बघितले. चारही ठणठणीत.

"झालं," साहेब म्हणाले. "खेपच खराब आहे. मावशी, दोनशे बोर्ड आहेत. सगळ्यांचा हा एक आयसी बदलायचा."

मावशींनी कामाला हात घातला. पण आता त्यांचं बघणं पूर्वीसारखं राहिलं नव्हतं. पहिलाच बोर्ड भिंगाखाली धरला आणि तांब्याच्या रेषेवरून त्यांची नजर आपोआप चालत गेली. सहाव्या पायाकडून निघालेली रेघ वळून दुसऱ्या पायाला मिळत होती. मध्ये रेझिस्टर नाही, काही नाही.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "हा तर नुसतं ऐकणारा!"

तिसऱ्या पायाला काय येतं ते त्यांना माहीत होतं. पाण्यात बुडवायच्या काचेच्या नळीची तार. म्हणजे ती नळी अशक्त असणार, त्या साडेचार व्होल्टहूनही अशक्त, म्हणून तर तिच्यापुढे हा बसवलाय. मग तिच्याकडून कुणी थेंबभर जरी काढून घेतलं तरी आकडा हलणार. आयसी काही घेत नाही म्हणतात. मग आणखी कोण घेतंय?

त्यांनी तिसऱ्या पायाजवळ बोट टेकवलं. किंचित चिकट लागलं.

सोल्डर नीट धरावं म्हणून एक चिकट द्रव लावतात, फ्लक्स म्हणतात त्याला. पूर्वी सोल्डरिंग झालं की बोर्ड स्पिरिटने धुऊन काढत. तीन महिन्यांपूर्वी नवीन फ्लक्स आला, धुवायची गरज नाही असा, आणि धुण्याचं टेबल बंद झालं. आयसीची नवी खेप आणि नवा फ्लक्स एकाच महिन्यात आले होते. मावशींनी बोर्ड पुन्हा भिंगाखाली धरला. तिसऱ्या आणि चौथ्या पायाच्या मध्ये फ्लक्सचा पातळसा, जवळजवळ न दिसणारा थर होता. आणि चौथा पाय म्हणजे बॅटरीची उणे बाजू. ओल्या हवेत तो थर ओलसर होणार आणि शेजारचा चौथा पाय हळूच तिसऱ्याला आपल्याकडे ओढणार. म्हणूनच आकडा सरकतो तो नेहमी एकाच बाजूला.

पण बदललेले चार तर चांगले झाले होते. मावशी आयर्न हातात धरून तशाच बसल्या. मग त्यांना आठवलं. आयसी बदलताना जागा स्वच्छ करून घ्यायची त्यांची जुनी सवय. ते चारही बोर्ड त्यांनी स्वतःच्या हाताने स्पिरिटने घासले होते.

त्या उठल्या आणि सरळ टेस्टिंगच्या खोलीत गेल्या.

"साहेब, आयसीचा दोष नाही. उगीच त्याच्या माथी मारतोय आपण."

साहेबांनी थकलेल्या डोळ्यांनी वर पाहिलं. "मावशी, बदलल्यावर चाललं ना?"

"चाललं. कारण मी पुसलं होतं. असं करा. त्या चारांतला एक खराब म्हणून काढलेला आयसी मला द्या. मी तोच एका बोर्डावर परत लावते आणि पुसून देते. बिघडला तर तुमचं खरं, मी दोनशेच्या दोनशे बदलते, चकार शब्द काढणार नाही."

साहेबांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही. मावशींनी पंधरा मिनिटांत बोर्ड तयार करून आणला. स्पिरिट आणि ब्रशने घासलेला, कोरडा केलेला. साहेबांनी काचेची नळी जोडली आणि सात आकड्याच्या द्रावात बुडवली. सात. पाच मिनिटं झाली, सात.

"पण आज हवा कोरडी आहे," साहेब म्हणाले.

मावशी त्यावर वाकल्या आणि आरशावर फुंकतात तशी तोंडाने ऊबदार हवा सोडली. आकडा जरासा थरथरला आणि परत सातावर बसला. "आता न पुसलेला आणा."

न पुसलेला बोर्ड जोडला. या वेळी साहेबांनी स्वतःच श्वास सोडला. सात पूर्णांक एक, सात पूर्णांक तीन, सात पूर्णांक सात, आणि आठावर जाऊन तो घुटमळत राहिला. साहेबांनी आणखी तीन बोर्ड लावून बघितले, प्रत्येक पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर. शेवटी ते खुर्चीत मागे रेलले आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळत हसायला लागले.

"दोन आठवडे मी आयसीच्या मागे लागलोय, मावशी. हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आयसी कसा चालतो ते नणंदेने सांगितलं," मावशी म्हणाल्या. "चिकट काय लागतं ते मला कोणी सांगायला लागत नाही."

दुसऱ्या दिवसापासून धुण्याचं टेबल परत सुरू झालं. दोनशे बोर्ड नुसते धुऊन, वाळवून रवाना झाले आणि त्यांतला एकही परत आला नाही. मालकांनी मावशींना बोलावून घेतलं आणि विचारलं, टेस्टिंगच्या खोलीत याल का? मावशींनी रात्रभराची मुदत मागितली नाही. तिथेच म्हणाल्या, "दुपारनंतर येईन. सकाळी टेबल सोडायचं नाही मला. हाताला चुकचुकल्यासारखं होईल." मालक म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." तेव्हापासून मावशींच्या खिशात एक बारीक स्क्रूड्रायव्हर असतो, आणि साहेब एखादा अवघड बोर्ड घेऊन स्वतः त्यांच्याकडे येतात.

घरी ही गोष्ट यजमानांनी त्या आठवड्यात ज्याला त्याला सांगितली, भाजीवाल्यालासुद्धा. प्रत्येक वेळी आकडा थोडा जास्त सरकायचा. शेवटी तो नऊवर पोहोचला तेव्हा मावशींनी त्यांना थांबवलं.

धाकटीला मात्र सगळं सविस्तर ऐकायचं होतं. रविवारी तिने दोनदा ऐकलं, कागदावर आकृती काढून घेतली आणि म्हणाली, "हे मी माझ्या लॅबमध्ये मुलांना दाखवणार. श्वास सोडून." मग टेबलावरच्या तारा उगीचच गोळा करत, नजर न उचलता म्हणाली, "वहिनी, एक विचारू? मला खरं सोल्डरिंग येत नाही. म्हणजे येतं आपलं कामापुरतं. मुलांसमोर करताना हात लपवावा लागतो. शिकवाल?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. आता बोलायला जागा होती. जुन्या लग्नघराची आठवणही वर आली. पण ती आली तशीच निघून गेली, तिच्यात काही दम उरला नव्हता.

"खुर्ची इकडे खिडकीशी घे," त्या म्हणाल्या. "उजेड डावीकडून पाहिजे. आणि आयर्न पेनसारखं धर, लाटण्यासारखं नको."

धाकटीने पहिला टाका घातला. तो बटाट्यासारखा फुगला. दुसरा त्याच्या शेजारी पसरला आणि दोन पाय एकमेकांना चिकटून बसले. यजमान मागून वाकून बघत म्हणाले, "हे काय गं धाकटे, खीर सांडलीस का?"

"दादा, तू आत जा."

"घाई करू नकोस," मावशी म्हणाल्या. "आधी पाय तापू दे. मग तार टेकव. सोल्डर आपणहून धावतं, आपण ढकलायचं नसतं. हा काढ, परत कर."

धाकटीने काढला आणि परत केला. संध्याकाळचा चहा झाला तरी ती उठली नाही. सतराव्या टाक्याला मावशींनी भिंग पुढे ओढलं, बोर्ड इकडून तिकडून तिरका करून पाहिला आणि म्हणाल्या, "हा चालेल."

"नुसता चालेल?"

"माझ्याकडे नवीन मुलींना 'चालेल' म्हणवून घ्यायला तीन दिवस लागतात."

धाकटीने बोर्ड हातात घेतला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तो एकच टाका बराच वेळ बघत बसली. मग तिने पुढचा रेझिस्टर उचलला.